ड्वार्फ सिक्लिडची जात आणि नर-मादी कशी ओळखावी: घरच्या टाकीसाठी मार्गदर्शक

पहिल्यांदा ड्वार्फ सिक्लिड घेणारा माणूस दुकानदाराला हमखास विचारतो, की यातला नर कोणता आणि मादी कोणती? प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या आधी हा मासा नेमका कोणत्या जातीचा आहे, हे ठरवावे लागते. नर-मादीच्या खुणा जातीगणिक बदलतात. एका जातीत अंगावरच्या काळ्या ठिपक्यात निळी चमक असली तर ती मादी समजतात, तर दुसऱ्या जातीत तसा ठिपकाच नसतो. एकीत टोकदार शेपटी ही नराची खूण असते, तर दुसरीत नर-मादी दोघांचीही शेपटी गोल असते. म्हणून या लेखात आधी जात आणि मग लिंग असा क्रम ठेवला आहे आणि तो तुम्हीही मोडू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

ड्वार्फ सिक्लिड हा शास्त्रीय गट नाही. साधारण दहा सेंटिमीटरच्या आत राहणाऱ्या लहान सिक्लिड माशांना मासे पाळणारे लोक या नावाने ओळखतात. सिक्लिड कुळ आपल्याला अनोळखी नाही, कारण उजनीच्या जलाशयातली चिलापी आणि गोव्यात आवडीने खाल्ली जाणारी कालुंदर याच कुळातली आहेत. घरच्या टाकीतल्या लहान जाती मात्र बहुतांश दक्षिण अमेरिकेतून आणि पश्चिम आफ्रिकेतून आल्या आहेत. आपल्याकडच्या दुकानांत ज्या जाती सर्रास मिळतात, त्यांच्यापुरतेच मी येथे लिहीत आहे.

लागणारे साहित्य

फार काही लागत नाही. बऱ्यापैकी कॅमेरा असलेला फोन, मंद प्रकाशाचा टॉर्च, सपाट बाजूंचा पारदर्शक प्लास्टिकचा किंवा काचेचा छोटा डबा, सेंटिमीटरची पट्टी, पाण्याचा थर्मामीटर, पीएच (पाणी किती आम्लयुक्त आहे ते) तपासायचे किट, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचे मीटर आणि एक वही एवढे पुरेसे आहे. खरेदीची पावती जपून ठेवा आणि पिशवीवर किंवा दुकानातल्या टाकीवर जे नाव लिहिले असेल ते जसेच्या तसे उतरवून घ्या. ते नाव चुकीचे निघण्याची शक्यता बरीच असते, तरीही शोधाची सुरुवात तिथूनच होते.

१. माशाला स्थिरावू द्या

दुकानातल्या उघड्याबोडक्या टाकीत, तीव्र दिव्याखाली आणि गर्दीत हे मासे आपले खरे रंग दाखवत नाहीत. घाबरलेल्या माशाच्या अंगावर उभे पट्टे उमटतात, एरवी ठळक असणारी आडवी रेघ पुसट होते आणि पर, म्हणजे माशाचे पंख, अंगाला चिकटलेले राहतात. त्यामुळे घरी आणल्यावर किमान दोन आठवडे ओळखीची घाई करू नये. टाकीत वाळूचा थर, थोडी झाडे, लाकडाचा तुकडा आणि आडोसा द्यावा. नारळाच्या करवंटीला एका बाजूने अंगठा जाईल एवढे भोक पाडून ती पालथी ठेवली, की उत्तम गुहा तयार होते. देशी बदामाची वाळलेली पाने धुऊन टाकली तर पाणी चहाच्या रंगाचे होते, उजेड मवाळ होतो आणि मासे लवकर मोकळे होतात.

या काळात फोटो काढत राहा. फोटो बरोबर बाजूने, सर्व पर उघडलेले असताना आणि फ्लॅश न वापरता काढावा. एकाच माशाचे शांत असतानाचे, दुसऱ्या माशाला दटावतानाचे आणि बिचकलेला असतानाचे असे वेगवेगळे फोटो हवेत. ड्वार्फ सिक्लिडच्या अंगावरच्या खुणा मूडप्रमाणे काही सेकंदांत बदलतात, त्यामुळे एका फोटोवरून जात ठरवणे धोक्याचे असते.

२. आधी मोठा गट ठरवा

दुकानांत दिसणारे बहुतेक ड्वार्फ सिक्लिड तीन गटांत बसतात.

अंग उंच आणि बाजूने चपटे, डोळ्यातून उभी काळी पट्टी गेलेली, अंगाच्या मध्यावर काळा डाग आणि पाठीवरच्या पराचे पुढचे काटे काळे असतील, तर तो मिक्रोजिओफॅगस, म्हणजे आपण ज्याला राम म्हणतो तो. अंग लांबट, डोळ्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत आडवी काळी रेघ आणि डोळ्याखालून गालावर उतरणारी तिरकी रेघ असेल, तर तो अपिस्टोग्रामा, थोडक्यात अपिस्टो. अंग लांबट आणि गोलसर, अंगावर दोन रुंद गडद आडवे पट्टे आणि पोटावर गुलाबी किंवा लाल रंग असेल, तर तो पेल्विकाक्रोमिस, म्हणजे बाजारातला क्रिब.

यात न बसणारे मासेही अधूनमधून येतात. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असलेला डिक्रोसस किंवा काळ्या ठिपक्यांच्या रांगा असलेला आफ्रिकेतला अनोमालोक्रोमिस थोमासी हे त्यांतले दोन.

३. गटातली नेमकी जात शोधा

राममध्ये काम सोपे आहे, कारण या वंशातल्या दोनच जाती आपल्या दुकानांत येतात. १९४८ साली नामकरण झालेला रामिरेझी हा व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला आहे. त्याच्या अंगावर निळे चमकदार ठिपके असतात आणि तो सहसा पाच-सहा सेंटिमीटरच्या आसपास राहतो. जर्मन ब्लू, गोल्ड, इलेक्ट्रिक ब्लू, बलून ही सगळी याच एका जातीची माणसाने निवडून तयार केलेली रूपे आहेत. दुसरी जात अल्टिस्पिनोसस, म्हणजे बोलिव्हियन राम. हा अंगाने थोडा मोठा आणि रंगाने मातकट-पिवळसर असतो, परांच्या कडा लाल असतात आणि निळे ठिपके जवळजवळ नसतात. बाजारात याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही, पण नवख्याच्या हाती टिकण्याच्या दृष्टीने मी त्याला रामिरेझीपेक्षा वर ठेवेन.

अपिस्टोग्रामाचे प्रकरण मोठे आहे. या वंशात ९० हून अधिक जातींची शास्त्रीय नोंद झालेली आहे आणि कितीतरी रूपांना अजून नाव मिळालेले नाही. येथे रंग बाजूला ठेवून पुढच्या तीन गोष्टी या क्रमाने पाहाव्यात.

शेपटीचा आकार: पूर्ण वाढलेल्या नराची शेपटी गोल आहे, एका टोकाची आहे की वर-खाली दोन टोकांची आहे, ते पाहा. या वंशातल्या काकाटुओइडिस जातीच्या नराला दोन टोके असतात, अगासिझायच्या नराची शेपटी भाल्याच्या पात्यासारखी मधोमध निमुळती होते आणि बोरेलाय व मॅकमास्टराय यांची गोल असते.

आडवी रेघ: ती किती रुंद आहे आणि कुठे संपते, ते पाहा. अगासिझायमध्ये ही रेघ शेपटीच्या मुळाशी थांबत नाही, ती पुढे शेपटीच्या परात शिरते. काकाटुओइडिसमध्ये मुख्य रेघेच्या खाली, पोटाच्या बाजूला आणखी काही बारीक समांतर रेघा दिसतात. ट्रायफॅशिआटामध्ये छातीच्या परापासून मागे खाली उतरणारी एक तिरकी रेघ असते आणि ती एकदा दिसली की दुसरी शंका घ्यायला जागा उरत नाही.

पाठीवरचा पर: काकाटुओइडिसच्या नराचे पुढचे काही काटे काकाकुव्याच्या तुऱ्यासारखे उंच आणि सुटे असतात आणि त्याचे तोंड जाड ओठांचे असते. बोरेलायचा पर शिडासारखा उंच, पण सलग असतो. बोरेलाय हा पॅराग्वे नदीच्या खोऱ्यातला, चेहऱ्यावर पिवळा आणि अंगावर निळसर दिसणारा छोटा मासा असून अपिस्टोंमध्ये तो तुलनेने थंड पाणी चांगले सोसतो.

येथे दोन ठिकाणी बहुतेकांची फसगत होते. पहिले म्हणजे डबल रेड, ट्रिपल रेड, ऑरेंज फ्लॅश, फायर रेड ही नावे. ही जातींची नावे नाहीत. ट्रिपल रेड म्हणजे पाठीवरचा, शेपटीचा आणि गुदद्वारामागचा असे तीनही पर लाल असलेला, निवडीतून तयार झालेला काकाटुओइडिस. दुसरे म्हणजे लाल, गोल शेपटीचे अपिस्टो. कोलंबियातल्या मेटा नदीच्या परिसरातला मॅकमास्टराय आणि त्याचा नातलग विएहिता दिसायला इतके जवळचे आहेत, की विएहिता म्हणून विकली जाणारी लाल आणि सोनेरी रूपे बहुतेक वेळा प्रत्यक्षात मॅकमास्टराय असतात. शेपटीच्या वरच्या आणि खालच्या कडेला लाल पट्टा असलेला नर दुकानातून आणला असेल, तर पाटीवर काहीही लिहिलेले असले तरी आधी मॅकमास्टराय गृहीत धरून पुढे तपासावे.

क्रिबमध्ये आपल्याकडे येणारा मासा जवळजवळ नेहमी पेल्विकाक्रोमिस पल्चर असतो. तो नायजेरिया आणि कॅमेरूनच्या नद्यांतला आहे. त्याला सगळे क्रिबेन्सिस म्हणतात, परंतु २०१४ पासून पेल्विकाक्रोमिस क्रिबेन्सिस हे शास्त्रीय नाव कॅमेरूनमधल्या वेगळ्या, पूर्वी टॅनियाटस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशाला पुन्हा दिले गेले आहे. परदेशातून मासे मागवताना हा फरक ध्यानात ठेवावा.

४. आता नर-मादी पाहा

मासा पुरेसा मोठा नसेल तर थांबा. दोन-अडीच सेंटिमीटरच्या पिल्लांत खात्रीने काही सांगता येत नाही. तीन-चार महिन्यांनंतर खुणा उघड होऊ लागतात, राममध्ये त्याहूनही उशीर लागू शकतो. दोन-अडीच सेंटिमीटरच्या पिल्लावर बोट ठेवून कोणी ठामपणे नर किंवा मादी म्हणत असेल, तर त्यावर जादा पैसे देऊ नयेत.

रामिरेझी: मासा पारदर्शक डब्यात घेऊन बाजूने टॉर्च धरा आणि अंगावरच्या काळ्या डागाकडे पाहा. मादीच्या डागाच्या आत निळे चमकदार खवले विखुरलेले दिसतात, तर नराचा डाग सहसा स्वच्छ काळा असतो आणि निळे खवले त्याच्या भोवती राहतात. मादीचे पोट गुलाबी ते तांबडे होते आणि अंड्यांच्या वेळी हा रंग गडद होतो. नराच्या पाठीवरच्या पराचा दुसरा-तिसरा काटा लांब असतो. मत्स्यपालन केंद्रांत पिढ्यान्पिढ्या वाढवलेल्या माशांत ही काट्याची खूण पुसट झाली आहे, म्हणून तिच्यावर एकटीवर विसंबू नये. इलेक्ट्रिक ब्लू आणि गोल्ड रूपांत काळा डागच नीट नसतो. तेथे पोटाचा गुलाबी रंग, अंगाचा आकार आणि वागणूक एवढाच आधार उरतो.

डबा पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ वापरू नये आणि त्यात टाकीचेच पाणी घ्यावे.

बोलिव्हियन राम: हा सर्वांत अवघड आहे. मोठ्या नराच्या शेपटीच्या वरच्या आणि खालच्या कडा धाग्यासारख्या वाढतात, पण तरण्या माशांत ते दिसत नाही. येथे अंडी घालण्याच्या सुमारास बाहेर येणाऱ्या नळीची वाट पाहणेच शहाणपणाचे आहे. पोटाखाली दिसणारी ही नळी मादीत रुंद आणि बोथट असते, नरात बारीक आणि टोकदार. ती जेमतेम काही दिवस दिसते, म्हणून मासे एखादा दगड तोंडाने घासून साफ करू लागले की रोज पाहावे. ही खूण इतर ड्वार्फ सिक्लिडनाही लागू पडते.

अपिस्टोग्रामा: मोठे झाल्यावर फरक ठळक असतो. काकाटुओइडिसचा नर सात-आठ सेंटिमीटरचा होतो आणि मादी पाचच्या आसपास थांबते. नराचे पर लांब व रंगीत होतात, मादीचे आखूड आणि गोलसर राहतात. सर्वांत उपयोगी खूण मात्र पोटाखालच्या परांच्या जोडीवर असते. मासा तुमच्याकडे तोंड करून किंचित वर पोहत असताना त्या जोडीची पुढची कड पाहा. अनेक जातींच्या मादीत ती कड काजळ घातल्यासारखी काळी असते. नरात तेच पर लांब, टोकाला धाग्यासारखे आणि बिनकाळ्या कडेचे असतात. प्रत्येक जातीत ही खूण सारखी ठळक नसते, पण दुकानात दोन मिनिटांत करता येण्यासारखी याहून चांगली तपासणी नाही. अंडी सांभाळणारी मादी तर लांबूनही कळते, कारण तिचे अंग लिंबासारखे पिवळेधमक होते आणि त्यावर काळ्या खुणा उठून दिसतात.

तरीही येथे एक मोठा धोका आहे. टाकीत एक दांडगा नर असेल, तर दबलेले नर आपली वाढ आणि रंग रोखून धरतात आणि मादीसारखे दिसतात. काही तर मादीच्या वेषात गुहेपर्यंत जाऊन अंड्यांवर आपले वीर्य सोडतात. त्यामुळे दुकानातल्या एका टाकीतला सर्वांत मोठा मासा नर आणि सर्वांत छोटा मासा मादी, हा हिशेब पुष्कळदा फसतो. शंका असलेल्या माशाला वेगळ्या टाकीत दोन-तीन आठवडे ठेवा. तो नर असेल तर दबाव गेल्यावर त्याचे पर आणि रंग वाढायला लागतात.

आणखी एक गोष्ट माद्यांबाबत. वेगवेगळ्या अपिस्टो जातींचे नर ओळखता येतात, पण त्यांच्या माद्या एकमेकींसारख्या असतात. दुकानात काकाटुओइडिसच्या नरासोबत भलत्याच जातीची मादी देऊन जोडी विकली जाते आणि त्यातून संकरित पिल्ले होऊ शकतात. मादीची जात ठरवताना शेपटीत शिरणारी रेघ आणि पोटावरच्या समांतर रेघा पाहाव्यात आणि शक्यतो दोन अपिस्टो जाती एका टाकीत ठेवूच नयेत.

क्रिब: नर दहा सेंटिमीटरच्या आसपास, सडपातळ आणि टोकदार परांचा असतो. मादी आखूड, पोटाने भरलेली असते आणि तिच्या पोटावर चेरीसारखा गडद लाल पट्टा असतो. पोटाचा रंग हीच खूण धरून बसू नका, कारण चांगल्या नराचे पोटही गुलाबी असते. परांची टोके पाहा. पाठीवरच्या आणि गुदद्वारामागच्या पराचे मागचे टोक नरात लांब आणि अणकुचीदार असते, मादीत ते आखूड आणि गोल असते. मादीच्या पाठीवरच्या परात सोनेरी धातूसारखी चमक दिसते. क्रिबची मादी स्वतःहून नराला साद घालते. ती नरासमोर अंग धनुष्यासारखे वाकवते, लाल पोट पुढे काढते आणि थरथरते. हे एकदा पाहिले की वेगळ्या पुराव्याची गरज राहत नाही.

५. वागणुकीवरून पडताळा घ्या

राम उघड्या दगडावर किंवा वाळूत अंडी घालतात आणि नर-मादी दोघे राखण करतात. अपिस्टो आणि क्रिब गुहेच्या छताला अंडी चिकटवतात. अपिस्टोमध्ये अंड्यांजवळ मादी राहते आणि नर बाहेरचा प्रदेश राखतो. काकाटुओइडिसचा एक नर अनेक माद्यांसोबत राहतो, म्हणून एका नराला दोन-तीन माद्या आणि प्रत्येकीला स्वतंत्र करवंटी द्यावी.

अंडी दिसली म्हणजे जोडी आहे, असे मात्र समजू नये. राममध्ये दोन माद्याही मिळून दगड साफ करतात, अंडी घालतात आणि राखतात. अशी सगळी अंडी एक-दोन दिवसांत पांढरी पडतात. फलित अंडीही बुरशीने किंवा कडक पाण्याने पांढरी होऊ शकतात, म्हणून एका वेळेवरून निष्कर्ष काढू नये. आपल्याकडे मुंबई-पुण्याचे धरणाचे पाणी मृदू असते, पण दख्खनच्या पठारावर बोअरचे पाणी पुष्कळदा कडक असते. तेथे टीडीएस तपासून आरओचे पाणी मिसळावे आणि मगच अंड्यांवरून नर-मादीचा निर्णय करावा.

६. सगळी पिल्ले नरच का निघतात

हा प्रश्न उन्हाळ्यानंतर हमखास येतो. अपिस्टोग्रामामध्ये पिल्लांचे लिंग ठरताना पाण्याच्या तापमानाचा मोठा वाटा असतो. जर्मन संशोधक उवे रोमर आणि वोल्फगांग बायझेनहेर्झ यांनी १९९६ साली या वंशातल्या ३७ जातींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार सुरुवातीच्या आठवड्यांत पाणी गरम असले तर नर जास्त होतात आणि थंड असले तर माद्या जास्त होतात. ढोबळमानाने २३ अंश सेल्सिअसला माद्यांचे आणि २९ अंशांना नरांचे प्रमाण वाढते. मधल्या २६ अंशांच्या आसपास संख्या बऱ्यापैकी समतोल राहते. काही जातींत पीएचचाही परिणाम होतो आणि क्रिबमध्ये आम्लयुक्त पाण्यात नर जास्त निघतात.

एप्रिल-मेमध्ये आपल्या घरांत टाकीचे पाणी हीटरशिवायही ३० अंशांवर जाते. त्या काळात झालेल्या अपिस्टोच्या पिल्लांत माद्या शोधत बसण्यापेक्षा पावसाळ्यानंतरची वीण राखून ठेवावी, किंवा टाकीवर छोटा पंखा लावून पाणी दोन-तीन अंश उतरवावे. पिल्ले पोहू लागल्या दिवसापासूनचे तापमान वहीत लिहीत गेलात, तर पुढे नर-मादी ओळखताना कोणत्या विणीत काय अपेक्षित आहे, याचा अंदाज हाताशी राहतो.

७. खरेदी करताना

ठरवून दिलेली महागडी जोडी घेण्यापेक्षा एकाच जातीची सहा तरणी पिल्ले घ्यावीत, ती एकत्र वाढू द्यावीत आणि जोड्या त्यांच्या त्यांना जमवू द्याव्यात. खर्च सुरुवातीला जास्त वाटतो, पण नर-मादी दोन्ही मिळण्याची शक्यता खूप वाढते. दोन-अडीच सेंटिमीटरचा मासा पूर्ण वाढलेल्या नरासारखा झगमगत असेल, तर त्याला हार्मोन दिले असण्याची शंका घ्यावी. अशा माशाचा रंग काही आठवड्यांत उतरतो आणि नर म्हणून आणलेला मासा मादी निघू शकतो.

पिल्ले दुसऱ्याला देताना पिशवीवर शास्त्रीय नाव, रूपाचे नाव, विणीचा महिना आणि वाढीच्या काळातले तापमान लिहून द्यावे. लिंगाबद्दल खात्री नसेल, तर "लिंग अनिश्चित" असे स्पष्ट लिहावे.